सिरॅमिक की कॉम्प्युटर? कोलकात्याच्या सरकारी कॉलेजबद्दल अमळनेरच्या एका वडिलांना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी बारावीला आहे, गणित आणि केमिस्ट्री बरं आहे, जेईई मेन आणि सीईटी दोन्ही देणार आहे. तिचे मामा नोकरीनिमित्त कोलकात्याला असतात. त्यांनी तिथलं एक सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुचवलं, जिथे सिरॅमिक आणि कॉम्प्युटर एवढंच शिकवतात. कॉलेज जुनं, फी कमी. कॉम्प्युटर मिळालं तर उत्तम, नाहीतर सिरॅमिकला घालू आणि वर्षभराने शाखा बदलून घेऊ, असं घरात ठरत आलंय. आणि तुमची स्वतःची शंका वेगळीच: कपबश्या आणि फरश्यांमध्ये चार वर्षं शिकण्यासारखं असतं तरी काय?

शाखा बदलून घेऊ, हा विचार आधी डोक्यातून काढा. बाकीचं नंतर बोलू.

मामा म्हणतात ते कॉलेज म्हणजे गव्हर्न्मेंट कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग अँड सिरॅमिक टेक्नॉलॉजी, कोलकात्यातल्या बेलेघाटा भागातलं. 1941 साली बेंगॉल सिरॅमिक इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालं. आज पश्चिम बंगाल सरकारचं आहे आणि तिथल्या मौलाना अबुल कलाम आझाद तंत्रज्ञान विद्यापीठाला जोडलेलं आहे. बी.टेक.च्या शाखा तीनच: सिरॅमिक टेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स आणि आयटी. मेकॅनिकल नाही, सिव्हिल नाही, इलेक्ट्रिकल नाही. कॉम्प्युटरच्या दोन्ही शाखा नंतर आल्या, मूळ घर सिरॅमिकचं.

आता सांगा, एवढ्याशा कॉलेजात कॉम्प्युटरच्या किती जागा पहिल्या वर्षानंतर रिकाम्या राहणार? एखादी राहिलीच तरी तिच्यावर वर्गातल्या पहिल्या दोन-तीन मुलांचा डोळा असतो. बाकीच्यांचं पहिलं वर्ष 'बदलून मिळेल' या आशेवर जातं, दुसरं रुसण्यात जातं, आणि तिसऱ्या वर्षी कंपन्या यायला लागतात तेव्हा ना धड सिरॅमिक आलेलं असतं ना धड कोडिंग. नोकरीच्या मुलाखती घेताना अशी मुलं मी भरपूर पाहिली. हुशार असतात, पण समोर ठेवलेल्या विटेला हात लावत नाहीत.

हे कॉलेज कोलकात्यातच का निघालं, हे कळलं की शाखाही निम्मी कळते. पूर्व कोलकात्यात तेव्हा चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने होते, ही एक गोष्ट. पण खरा ग्राहक होता पोलाद. जमशेदपूर, बर्नपूर आणि पुढे दुर्गापूर, राउरकेला, बोकारो ही सगळी पोलादाची गावं त्याच पट्ट्यात. पोलाद वितळतं 1500 अंशांच्या वर, आणि ते ज्या भांड्यात ओततात ते लॅडलही बाहेरून पोलादाचंच असतं. मग ते स्वतः का वितळत नाही? कारण आतून त्याला विटांचं अस्तर असतं. मॅग्नेशिया-कार्बनच्या, अ‍ॅल्युमिनाच्या विटा. आम्ही त्यांना रिफ्रॅक्टरी म्हणतो. जगात जेवढी रिफ्रॅक्टरी बनते, तिच्यातली साधारण 70 टक्के एकटं पोलाद खातं. 'खातं' हा शब्द मुद्दाम वापरला. प्रत्येक हीटला, म्हणजे पोलादाच्या प्रत्येक घाण्याला, अस्तर झिजतं, ठरावीक हीटनंतर फोडून नवं लावावं लागतं. ते किती हीट टिकेल, कुठे आधी खाल्लं जाईल, स्लॅगची (पोलादावर तरंगणाऱ्या वितळलेल्या मळीची) रेषा जिथे लागते तिथे कोणती वीट लावायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे सिरॅमिक इंजिनिअर. तो चुकला तर लॅडलला भोक पडतं आणि 1600 अंशांचं पोलाद शॉपफ्लोअरवर येतं. कपबशी यात कुठेच नाही.

फरश्या आहेत, आणि त्यांनाही कमी लेखू नका. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातच्या मोरबीत बनतात. तुमच्या नव्या घरातली 600 बाय 600 ची व्हिट्रिफाइड फरशीही बहुधा तिथलीच. ती प्रेसमधून निघते तेव्हा 600 ची नसते, साधारण 650 ची असते. भट्टीत आकसून 600 होते. प्रत्येक फरशी तेवढीच आकसली पाहिजे, आज, उद्या आणि मातीचा ट्रक दुसऱ्या खाणीतून आला तरी. रोलर किलन, म्हणजे रुळांवरून फरशी सरकवत नेणारी भट्टी, शंभर मीटरच्या वर लांब असते. फरशी एका टोकाने आत जाते आणि 1200 अंशांच्या आसपास जाऊन सुमारे तासाभरात दुसऱ्या टोकाने थंड होऊन बाहेर येते. घाई फार झाली आणि मातीतला सेंद्रिय भाग जळायला वेळ मिळाला नाही तर फरशीच्या पोटात काळा गाभा राहतो. वरून दिसत नाही, तोडली की दिसतो.

तडा जाण्याचं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण कॉम्प्युटरवाला आणि सिरॅमिकवाला यांच्यातला फरक मला त्यातच सगळ्यात स्वच्छ दिसतो.

भट्टीतून फरशी बाहेर आली, तडकलेली. आता लाइनवर कॅमेरे असतात. कॅमेऱ्यामागचा प्रोग्रॅम क्षणात सांगतो: तडा आहे, एवढ्या मिलिमीटरचा, या कोपऱ्यात. फरशी बाजूला काढतो. उत्तम काम आहे, माणसाचे डोळे आठ तास तेवढे टिकत नाहीत. पण पुढचा प्रश्न: हा तडा कधी गेला? आम्ही फरशी हातात घेतो आणि भिंगाने तड्याची कड पाहतो. कड गोलसर असेल, ग्लेझ (फरशीवरचा काचेसारखा थर) वितळून तड्यात उतरलेलं असेल, तर तडा ग्लेझ वितळायच्या आधीचा. म्हणजे ड्रायरमध्ये गेलाय, नाहीतर प्रेसमध्ये, नाहीतर भट्टीच्या सुरुवातीला फरशी ओली आत गेली. कड धारदार असेल, केसासारखी बारीक, ग्लेझ आरपार कापलेलं, तर तडा थंड होताना गेलाय. तिथे पहिला संशय 573 अंशांवर. मातीत जो क्वार्ट्झ असतो, त्याची स्फटिकरचना त्या तापमानाला बदलते आणि आकारमान एकदम कमी होतं. त्या टप्प्यातून फरशी फार वेगाने नेली की ती चिरते. म्हणजे तडा एकसारखाच दिसतो, पण पहिल्या प्रकारात ड्रायरकडे धावायचं आणि दुसऱ्यात भट्टीच्या कूलिंग झोनकडे. उलट केलंत तर शिफ्टभर माल फुटत राहतो आणि तुम्ही भलताच व्हॉल्व्ह फिरवत बसता.

काही तडे तर दिसतही नाहीत. मग बोटाने ठोकायचं. बाजारात माठ घेताना बायका ठोकून बघतात ना, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा, तसंच. हेच आता मायक्रोफोन लावून मशीनकडून करून घेता येतं. त्या मशीनला 'बद्द' म्हणजे काय ते कोणीतरी शिकवावं लागतं, आणि ते शिकवणारा कोण असावा, यावरच माझं सगळं उत्तर उभं आहे.

कारण आता मी म्हणणार आहे की तुमच्या मुलीने त्या कॉलेजात जायचंच ठरवलं तर सिरॅमिकला जावं, पण तिथल्या कॉम्प्युटरवाल्यांशी मैत्री करून. तीनच शाखांच्या कॉलेजात माणसं एकमेकांना ओळखतात, मोठ्या कॉलेजात ही सोय नसते. भट्टीचं तापमान मोजणारे थर्मोकपल रोज हजारो आकडे देतात. कॉम्प्युटरच्या मुलाला ते आकडे म्हणजे सत्य वाटतं. सिरॅमिकच्या मुलीला माहीत असतं की थर्मोकपल भट्टीतल्या हवेचं तापमान सांगतोय, फरशीचं नाही. तो जुना झाला की खोटं बोलायला लागतो. आणि मातीवर झालेलं काम फक्त तापमानावर नाही, तर किती तापमान किती वेळ मिळालं यावर अवलंबून असतं. म्हणून आजही लोक मालाबरोबर छोटे शंकू नाहीतर कड्या भट्टीत पाठवतात आणि त्या किती वाकल्या, किती आकसल्या ते बघतात. शंभर वर्षांहून जुनी पद्धत, अजून मोडीत निघालेली नाही. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने बनवलेलं मॉडेल कागदावर सुंदर दिसतं आणि पहिल्याच पावसाळ्यात, माती दमट आली की, तोंडावर पडतं.

टाइलवरची डिजिटल छपाईही तशीच. शाई म्हणजे सिरॅमिक रंगद्रव्य, छापताना एक रंग दिसतो, भाजल्यावर दुसराच. स्क्रीनवरचा संगमरवर फरशीवर तसाच उतरवायला रंगाचं गणित लागतं, आणि त्या गणितात भट्टी धरावी लागते. दोन्हीकडचं कळणारी माणसं थोडी आहेत.

इंधन हाही त्यातलाच विषय. मोरबीत 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कोळशाचे गॅसिफायर (कोळशापासून जळणाचा गॅस बनवणारी यंत्रं) बंद करायला लावले, कारखाने गॅसवर आले आणि इंधनाचं बिल मालकांच्या झोपेत शिरलं. तेव्हापासून भट्टीत गॅस वाचवून माल तोच देणाऱ्या माणसाला किंमत आली. हे काम एका कोर्सने होत नाही. भट्टी कळावी लागते आणि आकडे वाचता यावे लागतात.

आपल्या भागात याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच. खरं सांगते, खानदेशात सिरॅमिकचा उद्योग म्हणावा असा नाही. आपली काळी माती त्याला धार्जिणी नाही. तिच्यात जे खनिज असतं ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना आकसतं. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या त्यामुळेच. नुसत्या काळ्या मातीची वीट वाळतानाच फुटते, म्हणून वीटभट्टीवाले तिच्यात राख, भुसा घालतात किंवा नदीकाठची पोयट्याची माती शोधतात. पण सिरॅमिक वापरणारे आपल्याकडे कमी नाहीत. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरचं अस्तर आहे, लाइनवर पोर्सेलीनचे इन्सुलेटर आहेत. साखर कारखान्यांच्या बॉयलरला दरवर्षी फायरब्रिक लागते. आणि जळगावच्या सराफ बाजारामागे सोनं वितळवणाऱ्यांकडे जाऊन बघा, मूस कशाची असते? ग्रॅफाइट आणि मातीची. नवी मूस आधी हळूहळू तापवून घेतात, एकदम आगीत घातली तर आतल्या ओलाव्याने तडकते. वर टाकलेला सवागा, म्हणजे टाकणखार, सोन्यातला मळ काढतो आणि त्याबरोबर मुसेची आतली भिंतही थोडी थोडी खातो. मुलीला एकदा ते दाखवा. पोलादाच्या लॅडलमध्ये जे घडतं तेच तिथे ओंजळीएवढ्या भांड्यात घडतं.

नोकरी मात्र बाहेरच करावी लागेल, हे आज समजून घ्या. ओडिशा, झारखंड, बंगाल, गुजरात, नागपूरकडचा भाग, दक्षिणेत थोडं. तुमच्या अमळनेर स्टेशनवरून जाणारी हावडा-अहमदाबाद एक्स्प्रेस एका टोकाला रिफ्रॅक्टरीचा मुलूख आणि दुसऱ्या टोकाला टाइल्सचा मुलूख जोडते. सिरॅमिक शिकणाऱ्या पोरीसाठी यापेक्षा सोयीची गाडी नाही. फरश्या आणि विटांपलीकडेही पुष्कळ आहे. अणुभट्टीचं इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या भाजलेल्या गोळ्या, त्याही सिरॅमिकच. मोबाइलमधले बारीक कपॅसिटर बेरियम टायटनेटचे. दाताचा पांढरा कॅप झिर्कोनियाचा. विमानाच्या इंजिनातल्या पात्यांवरचा उष्णतेचा लेपही झिर्कोनियाचाच. गुजरातेत साणंद आणि धोलेऱ्याला सेमीकंडक्टरचे जे प्रकल्प उभे राहतायत, तिथल्या यंत्रांतही अ‍ॅल्युमिना आणि सिलिकॉन कार्बाइडचे भाग असतात. पण या कामांसाठी बहुतेक वेळा एम.टेक. किंवा पीएच.डी. लागते. बी.टेक. झाल्या झाल्या जी नोकरी मिळते ती प्लांटची: शिफ्ट, उकाडा, धूळ. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरच्या चांगल्या ऑफरशेजारी ठेवला तर तोंड पडतं. दहा-बारा वर्षांनी चित्र बदलतं, कारण भट्टी कळणारी माणसं थोडी असतात आणि ती सहज मिळत नाहीत.

धुळीबद्दल एक सांगून ठेवते. क्वार्ट्झची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर इलाज नाही. चांगल्या प्लांटमध्ये धूळ ओढणारी यंत्रणा चालू असते आणि मास्क घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. मुलाखतीला गेलं की ऑफिसात बसून न राहता बॉल मिलचा (माती दळण्याच्या यंत्राचा) आणि प्रेसचा भाग बघून यायचा. तिथे हवा पांढुरकी दिसली तर ती नोकरी नको.

मुलगी आहे म्हणून काय, हेही तुमच्या पत्रात ओळींच्या मध्ये होतं. शॉपफ्लोअरवर मुलींना घेताना काही ठिकाणी अजून काचकूच करतात. 'लॅबमध्ये बसा ना मॅडम' हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आता हसू येतं. लॅब वाईट नाही, पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं भट्टीवर काढली नाहीत तर पुढे कोणी तुमचं ऐकत नाही. फोरमन तर नाहीच नाही. तिची तयारी असेल तर तुम्ही आडवे येऊ नका, एवढंच.

आता पैसे आणि प्रवेश. इथे घाई केली तर नुकसान होतं.

पश्चिम बंगालच्या सरकारी कॉलेजांचे प्रवेश मुख्यतः त्यांच्या राज्याच्या डब्ल्यूबीजेईई या परीक्षेवर होतात. ती आपल्या सीईटीसारखी कॉम्प्युटरवर नाही, कागदावर असते. गणिताचे 75 प्रश्न, फिजिक्सचे 40, केमिस्ट्रीचे 40. जागांच्या तक्त्यात 'होम स्टेट' आणि 'ऑल इंडिया' असे वेगळे रकाने असतात. तुमची मुलगी दुसऱ्याच रकान्यात येणार. तिथे कोणत्या शाखेला किती जागा आहेत आणि मागच्या वर्षी कोणत्या रँकला बंद झाल्या, हे फॉर्म भरायच्या आधी मामांना नीट बघायला सांगा. तोंडी 'होऊन जाईल'वर विसंबू नका. आपलं ओबीसीचं प्रमाणपत्र त्यांच्या राज्याच्या राखीव जागांना चालत नाही, तिथे ती खुल्या गटात धरली जाईल. हॉस्टेलची जागा मुलींना आणि परराज्यातल्यांना मिळते का, तेही लेखी विचारून घ्या. खोली भाड्याने घ्यावी लागली तर कमी फीचा फायदा तिथेच संपतो.

दुसरीकडे, महाराष्ट्रात 2024 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश राज्यात, कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) झाला तरच. 'कोलकाता स्वस्त' हे मुलाच्या बाबतीत खरं असेल, मुलीच्या बाबतीत हिशेब पुन्हा मांडून बघा.

आणि सिरॅमिकच करायचं असेल तर एकाच कॉलेजावर का अडून बसायचं? एनआयटी राउरकेलाला सिरॅमिक इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे. एनआयटीत निम्म्या जागा परराज्यातल्या मुलांसाठी असतात, मुलींच्या वाढीव जागा वेगळ्या, आणि आपलं केंद्राच्या यादीतलं ओबीसी प्रमाणपत्र तिथे चालतं. प्रवेश जेईई मेनवर, म्हणजे वेगळी परीक्षा नको. बनारसचा विभाग तर 1924 पासूनचा, आज आयआयटीत आहे, त्याला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते. राज्यात राहून जवळचं काही हवं असेल तर पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जी (धातुशास्त्र) आहे, व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांना. मेटलर्जी करून रिफ्रॅक्टरीत आलेली उत्तम माणसं माझ्या ओळखीत आहेत. पुढे एम.टेक.साठी गेट परीक्षा द्यायची झाली तर सिरॅमिकचा वेगळा पेपर नसतो, मुलं एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) हा पेपर घेऊन त्यात मटेरियल सायन्स निवडतात किंवा सरळ मेटलर्जीचा पेपर देतात. तेव्हा दोन्ही वाटा पुढे जाऊन एकमेकींना मिळतातच.

माझा क्रम विचाराल तर सिरॅमिक मनापासून आवडत असेल तर आधी राउरकेला, मग व्हीएनआयटीची मेटलर्जी, मग कोलकाता. कोलकात्याचं कॉलेज चांगलं आहे आणि त्याची माणसं पूर्वेकडच्या प्लांट्समध्ये जागोजागी भेटतात. पण परराज्यातल्या मुलीला जागा, हॉस्टेल आणि पैसा या तिन्हींत राउरकेला सोपं पडतं. कॉम्प्युटरच करायचं असेल तर त्यासाठी कोलकात्याला जायची काहीच गरज नाही. जळगावच्या सरकारी कॉलेजात जा, फी माफी घ्या, घरचं खा.

यातलं तिला काय हवंय, हे तुम्ही नका ठरवू. दिवाळीच्या सुट्टीत तिला एका वीटभट्टीवर न्या. भट्टी लावताना नाही, उघडताना न्या, आणि मालकाला विचारून वरच्या थरातली, मधली आणि तळाची अशा तीन विटा तिच्या हातात द्या. एक कच्ची निघेल, एक बरोबर, एक जळून काचेसारखी झालेली. माती एकच, भट्टी एकच, मग असं का, हे तिने स्वतःहून विचारलं तर जेईई मेनबरोबर डब्ल्यूबीजेईईचाही फॉर्म भरा. हात झटकून मोबाइल काढला तर जळगावला कॉम्प्युटर.